पानांचे डबे घेऊन नरखेडला

वाळवी लागली नव्हती. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. माझ्या संत्र्याच्या पानांना वाळवी लागली, सगळी खाऊन गेली, असं मी रत्नमालाला एका दुपारी कॉलेजच्या व्हरांड्यात सांगितलं. त्या वेळी ते डबे माझ्या घरी माळ्यावर सुखरूप होते.

प्रवासाची हकीकत लिहायला बसलो आणि आधी हे लिहावं लागलं. कारण नागपूरहून काटोल-नरखेड हा काही कुणी वर्णन करावं असा प्रवास नाही. आमच्याकडची माणसं तिकडे लग्नाला जातात, सोयरीक बघायला जातात, संत्र्यांच्या दिवसांत बागवाल्या पाहुण्याकडे जाऊन येतात. मी गेलो तो माझ्याच डब्यांवरची माझीच खूण वाचायला.

मी नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. तरुणपणी डॉक्टरेट करावी म्हणून संत्र्यावरच्या काळ्या माशीचा अभ्यास धरला होता. ही माशी पानाच्या पाठीमागे अंडी घालते. पिल्लं रस शोषतात आणि चिकट पाणी सोडतात, त्यावर काजळी धरते. बागवाले तिला कोळशी म्हणतात. सगळं झाड चुलीवरच्या तव्यासारखं काळं होतं. पण या माशीलाही एक वैरी आहे, एक इवली गांधीलमाशी, डोळ्याला दिसेल न दिसेल एवढी. ती काळ्या माशीच्या पिल्लांतच आपली अंडी घालते. पानावर उरलेल्या कोषाला चीर पडलेली असली तर आतून काळी माशी निघाली म्हणायचं, आणि वाटोळं भोक असलं तर गांधीलमाशी. पान वाळलं तरी भोक तसंच राहतं. म्हणून मी पानंच आणत असे, पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. नरखेडला गाडीतून उतरायचं, ओळखीच्या दुकानात ठेवलेली सायकल घ्यायची आणि ठरलेल्या बागांना फेरी मारायची. अशी बरीच वर्षं गेली.

पुठ्ठ्यावर मी गावाचं किंवा मालकाचं नाव कधी लिहिलं नाही. न-एक, न-दोन, न-तीन. बस. माझ्या पहिल्या कामातले आकडे माझ्या मार्गदर्शकांनी स्वतःच्या नावावर छापले होते, आणि तो चटका ताजा होता. पानं कुणाच्या हाती लागली तरी त्याला काही उमगू नये अशी मी व्यवस्था केली. कोणता आकडा म्हणजे कोणती बाग, हे माझ्या डोक्यात. आणखी कुठेच नाही.

पुढे डॉक्टरेट राहिली. डबे माळ्यावर गेले.

रत्नमाला माझी विद्यार्थिनी. छप्पन साली तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ती वडिलांच्या खांद्यावर बसून होती, असं सांगायची. शिकून ती दुसऱ्या कॉलेजात शिकवायला लागली आणि तिनेही हाच विषय धरला. एकदा भेटायला आली. "सर, औषधवाले गावोगाव फिरताहेत, बागवाले आता सरसकट फवारणी करणार. माझ्याजवळ एकाच वर्षाची पानं आहेत. तुमची जुनी मिळाली तर गांधीलमाशी काय काम करत होती ते लोकांना दाखवता येईल. नाव तुमचंच आधी राहील."

"वाळवी लागली गं," मी म्हणालो.

"सगळीच, सर?" ती म्हणाली, आणि माझ्यासाठीच हळहळली. "एवढ्या वर्षांची मेहनत..."

बागवाल्यांनी फवारलं. गांधीलमाशी मेली. काळी माशी मात्र पहिल्याहून वरचढ होऊन परतली.

गेल्या थंडीत बागवाल्यांची एक सभा झाली, पुन्हा फवारणीचाच विषय. रत्नमाला बोलायला उभी राहिली, तेव्हा पागोटेवाल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, पयलेचं काही आहे का तुमच्याजवळ? एका वर्साचं काय दाखवता?" ती म्हणाली, "नाही जी. पहिलेचं काही उरलं नाही." तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. पुढची सभा संक्रांत झाल्यावर ठरली. मी घरी आलो, माळ्यावरून डबे काढले, आणि पहिल्याच पुठ्ठ्यावर अडकलो. न-एक म्हणजे कोणाची बाग?

काटोल

डबे घरी ठेवून जाता आलं असतं. पण डबा हातात घेऊन त्या बागेत उभं राहिलं तर आठवेल, असं मनाने घेतलं. पोत्यात भरले आणि एस.टी. धरली.

कंडक्टरने पोत्याला पायाने ढोसलं. "सर, काय हाये जी यात? लगेज लागन."

"पानं आहेत. वाळलेली."

"कायची?"

"संत्र्याची."

तो तिकिटाची पेटी तशीच हातात धरून थांबला. मग ड्रायव्हरला ओरडून म्हणाला, "आयकून राहिला का गा? हे सर काटोलले संत्र्याची पानं नेऊन राहिले!" सगळी बस हसली. एक बाई म्हणाली, "काहून हसता रे, औषधाचा पाला असन बिचाऱ्याचा." कंडक्टरने लगेज लावलं नाही. "पाल्याचं काय लगेज घेता," म्हणाला.

बसमध्ये एक प्रश्न मी पहिल्यांदाच स्वतःला विचारला. ती दुसऱ्या एखाद्या घरची असती, माझ्या नात्यागोत्यातली असती, तर पानं दिली असती का? नसतीच दिली, मी कुणालाच दिली नसती, असं म्हणावंसं वाटलं. पण छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

काटोलच्या स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. नागपुरात तर्री वरून घालतात, इथे पोहे तर्रीत बुडवतात, आणि आणखी हवी का म्हणून विचारतही नाहीत, ओततात. डोळ्यांतून पाणी काढत मी फळबाजारात शिरलो. आंबिया बहाराचा माल जोरात होता. संत्र्यांचे ढीग, त्यांवर पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांची सावली, आणि वास असा की कपड्यांना घरी येईपर्यंत राहिला. एका ढिगापाशी दोन माणसं उपरण्याखाली हातात हात घालून उभी होती. बोटं दाबून भाव ठरत होता. भोवती पन्नास लोक, पण भाव फक्त त्या दोघांना कळत होता. मी बराच वेळ पाहत राहिलो. त्यांचं बरं होतं. उपरण्याखाली निदान दोघं तरी होते. माझ्या उपरण्याखाली मी एकटाच हात घातला होता, आणि आता मलाच भाव आठवत नव्हता.

गुलाबरावांची बाग

नरखेड तालुक्यात माझा मुक्काम गुलाबरावांकडे असायचा. मधे इतकी वर्षं गेलो नव्हतो, तरी आवारात शिरताच ते म्हणाले, "अरे! पानवाले सर! या या. चहा मांड वं, पानवाले सर आले." हे नाव मला पडलं होतं, ते मी विसरलो होतो. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण दारात फटफटी होती आणि ती तेच चालवत.

बाग अर्धी राहिली होती. उरलेल्या जागेत पराटी. "कोळशीनं नेली," ते म्हणाले. "दोन साल फवारलं, तिसऱ्या साली तं पानच दिसे ना बाप्पा, सारं काळं." असं म्हणून त्यांनी मला झाडाखाली नेलं. फळांनी फांद्या वाकल्या होत्या. पण त्यांनी हात लावला नाही. बांधावर बसलेल्या राखणदाराला हाक मारली, "काय गा, पाहुण्याले दोन संत्री तोडू का?"

"तोडा न बापू. इचारता काहून?"

आम्ही शहरात आंबा शेजाऱ्याच्या दारात असला तरी न विचारता तोडतो. इथे मालक आपल्याच झाडाखाली परवानगी मागत होता. माझं तोंड पाहून गुलाबराव हसले. "बहार झाडावरच इकला न सर. आता फळ यापाऱ्याचं. झाड माझं, पान माझं, फळ त्याचं. त्याचा माणूस बसला तोवर इचारूनच खायचं."

संत्रं सोलताना त्यांची नजर माझ्या पोत्याकडे गेली.

"वाळवी लागलती म्हणे तुमच्या पानाले?"

मी सोललेली फोड परत सालीवर ठेवली. "कोणी सांगितलं?"

"त्या मॅडम आल्या होत्या न तुमच्या, पानं तोडाले. म्या म्हटलं, बाई, याचं तं सारं पानवाल्या सरायपाशी हाये, त्यायले मांगा. तं म्हणे, काका, सरांची पानं वाळवीनं खाल्ली." त्यांनी पोत्याला बोट लावलं. आतला पत्रा वाजला. "मंग हे काय होय? भल्ली इमानदार वाळवी जी. खाल्लं अन् वापस आणून देल्लं!"

मी पोतं पायाशी ओढून घेतलं.

"राहू द्या न आता," गुलाबरावांच्या घरच्या वहिनी झाडाखाली चहा आणून ठेवत म्हणाल्या. "घासभर जेवू तं द्या सरायले."

"जेवू दे न. म्या काय ताट वढून राहिलो?" मग आवाज खाली आणून गुलाबराव म्हणाले, "सर, मले तवाच मालूम होतं. त्या सालीच मी नागपूरले टोपली घेऊन आलतो तुमच्या घरी. तुमी नोयते. वहिनीसायबाईनं अंगणात डबे मांडले होते, उन्हात. डांबराच्या गोळ्या टाकून राहिल्या होत्या त्यायच्यात."

बरोबर. दरवर्षी दिवाळीच्या आधी बायको ते डबे खाली काढायची, ऊन दाखवायची. यांत काय आहे असं तिने एकदा विचारलं होतं. कॉलेजचं आहे, म्हणून सांगितलं. तिने पुन्हा विचारलं नाही, नुसतं राखलं.

"तुम्ही रत्नमालाला सांगितलं?" मी विचारलं.

"सांगतलं. लपवाचं काय त्यात? म्या म्हटलं, बाई, डबे तं मांगच्या महिन्यात म्या सोता पाह्यले. तं काय म्हणे? 'असू द्या काका. सरांनी नाही म्हटलं न.' अन् मंग लागल्या आपल्या पानं तोडाले. दिवसभर उन्हात. जेवाले बलावलं तं आल्या, पण तुमच्याबद्दल एक शबद बोलल्या नाही."

म्हणजे तिला माहीत होतं. त्यानंतर ती मला कितीदा भेटली असेल! परीक्षेचे पेपर तपासताना, लग्नात, रस्त्यात. प्रत्येक वेळी वाकून "कसे आहात सर" म्हणाली होती. आणि मी प्रत्येक वेळी मनात म्हणत होतो की बरं झालं, निभलं.

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, तेलात परतलेल्या मिरच्या. आमच्या घरी पाहुण्याला पोळीच करतात, भाकर वाढली तर कमीपणा वाटतो. वहिनींनी काही न म्हणता दुसरी भाकर ताटात टाकली. भरीत इतकं चांगलं होतं की मला त्याचीही लाज वाटली.

हात धुताना गुलाबराव सहज बोलल्यासारखं बोलले. त्यात राग नव्हता. "एक इचारू का सर? फळ यापाऱ्याचं, ते त्यानं पैशानं घेतलं. पण पानं आमची होती न? आमी तुमाले कधी नाही म्हटलं नाही. कोनासाठी देल्ली होती आमी ती?"

नाल्याच्या दोन्ही अंगांना

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबरावांनी फटफटी काढली. मी मागे, मांडीवर पोतं. ज्या क्रमाने मी सायकलवर फिरायचो त्याच क्रमाने मी आकडे दिले होते, एवढं मला पक्कं आठवत होतं. तेव्हा तीच फेरी पुन्हा मारायची.

पहिल्या बागा सापडल्या. विहिरीजवळच्या चिंचेखाली उभा राहिलो आणि न-एक आठवलं. सायकल पंक्चर झालेली जागा सापडली, ती न-तीन. एके ठिकाणी बाग नव्हतीच, मोसंबी होती, पण म्हातारी मालकीण मला पाहून म्हणाली, "आता काय तोडता बाप्पा? आता मोसंबीची पानं आहेत," म्हणजे जागा बरोबर होती. प्रत्येक डब्यावर मी तिथेच उभं राहून गावाचं आणि मालकाचं नाव लिहिलं. जे पहिल्या दिवशी लिहायचं ते इतक्या वर्षांनी लिहिलं, आणि लिहायला किती वेळ लागला? श्वास घ्यायला लागतो तेवढा.

मग नाला आला.

रेतीत फटफटी घसरली. लागलं कुणालाच नाही, पण पोतं सुटलं आणि एक डबा उघडून थेट काठच्या बागेत गेला. डिंक केव्हाच सुकून गेला होता. पानं पुठ्ठ्यांवरून सुटली आणि झाडाखालच्या पाचोळ्यात मिसळली. मी गुडघ्यांवर बसून वेचू लागलो. संत्र्याच्या वाळल्या पानांत संत्र्याची वाळली पानं. जरा वेळाने मी थांबलो. पुठ्ठ्यावरून सुटलेलं पान म्हणजे नुसतं पान.

"कोणतं तुमचं न कोणतं याचं, सर?" गुलाबरावांनी विचारलं. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही.

तो डबा गेला, पण तशा पानांचे आणखी होते. खरा घात पुढे होता. नाल्याच्या अल्याड एक बाग, पल्याड एक. पल्याडचा मालक सधन, त्याच्याकडे तेव्हाही फवारणीचा पंप होता. माझ्या सगळ्या बागांत तेवढी एकच फवारलेली. अल्याडच्या बागेत औषधाचा थेंब गेलेला नव्हता. तेच पाणी, तीच माती, मधे फक्त नाला. रत्नमालाला जे दाखवायचं होतं ते सगळं या दोन बागांत होतं.

एक न-चार आणि दुसरी न-सात, इथवर कळलं. पण एका पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा, ठेंगणा पूल, वाहून गेला, आणि मग या दोन बागांपुरती मी उलट्या बाजूने फेरी मारू लागलो. तेव्हा मी आकडे बदलले का? अल्याडची सात झाली का, की चारच राहिली? दोन्ही डबे दोन हातांत घेऊन मी नाल्यात उभा राहिलो. एका अंगाला गेलो, दुसऱ्या अंगाला गेलो. दोन्ही मालक आता तिथे नव्हते. अल्याडचा वारला होता. पल्याडचा जमीन विकून मुलाकडे गेला होता. विचारायचं तरी कुणाला? हे माहीत असणारा जगात एकच माणूस होता, आणि तो नाल्यात उभा होता.

"आठवा न सर," गुलाबराव काठावरून म्हणाले. "जोर लावा."

मी जोर लावला. मला फक्त माझी हुशारी आठवत होती, खूण कशी कुणाला कळणार नाही म्हणून वाटलेली.

हुडकेश्वर

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. संक्रांतीच्या आधल्या रविवारी डबे घेऊन हुडकेश्वरला गेलो. नागपूर तिकडे नुकतंच सरकायला लागलं आहे. शेतांत चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले आहेत, घराला नंबर आहे पण घर कुठे ते कुणाला ठाऊक नाही. एका बाईंनी सांगितलं, "कॉलेजवाल्या मॅडम? त्या कडुनिंबाच्या खाली पाहा." रत्नमाला अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. केसांत पांढरे दिसत होते. मी पोतं खाली ठेवलं. तिने पाहिलं, आणि उठून आधी मला पाणी दिलं.

मग तिने डबे एकेक उघडले. भिंग आणलं. पान उजेडाकडे धरलं, आणि तिचा चेहरा मी तिला शिकवायचो तेव्हाच्यासारखा झाला. "सर, भोकं पाहा! किती स्वच्छ!" गावांची नावं वाचत ती डबे ओळीने मांडत गेली. शेवटी दोन उरले.

"न-चार आणि न-सात. यातली फवारलेली कोणती?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

तिने दोन्ही डबे उलटेसुलटे करून पाहिले.

"पण सोपं आहे," मी घाईने म्हणालो. "भोकं मोज. ज्यात गोल भोकं जास्त, ती बिनफवारणीची."

तिने मान हलवली, हळू, जसं एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं. "सर, तेच तर सिद्ध करायचं आहे. तेच आधी धरून कसं चालेल? कोणी मला विचारलं, बाई, ही फवारलेली कशावरून, तर मी काय सांगू?"

"सभेत कोण विचारणार आहे?"

"कोणी नाही विचारणार," ती म्हणाली. तिने ते दोन्ही डबे झाकून बाजूला, ओट्याच्या कडेला ठेवले. "बाकीचं कामाचं आहे, सर. पुष्कळ कामाचं आहे. गांधीलमाशी इथे होती एवढं तरी म्हणता येईल. फवारलं म्हणून गेली, हे नाही म्हणता येणार."

चहा झाला. निघताना तिने एक डबा पुन्हा उघडला, तळाशी उरलेली डांबराची गोळी बोटांत धरली आणि म्हणाली, "काकूंनी छान सांभाळलं."

बोलायची वेळ तीच होती. मी "हो" म्हणालो आणि चपला घातल्या.

सभेत ती जुन्या पानांबद्दल बोलली, माझं नाव घेऊन, आधी. पागोटेवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "मंग फवारा मारू का नोको मारू, सीधं सांगा न बाई." तिने सांगितलं की सरळ सांगण्यासारखा पुरावा तिच्याजवळ नाही. लोक उठून गेले.

न-चार आणि न-सात कोणत्या, याचं उत्तर आता मला देता येणार नाही. ते बुडालं. तिच्या वाया गेलेल्या वर्षांचंही तसंच, गुलाबरावांच्या अर्ध्या बागेचंही. पण एक देणं अजून फेडण्यासारखं आहे. या लिहिण्याच्या पहिल्या ओळीत जे वाक्य आहे, ते मी रत्नमालाला समोर बसून, तोंडाने सांगितलेलं नाही. तेवढं मी तिचं देणं लागतो.